पूर ओसरल्यावर : मदत, भरपाई आणि सावरणे

पूर ओसरला की घरात पहिले काम असते चिखल काढण्याचे. पंचगंगा-कृष्णेच्या काठचा चिखल काळा आणि चिकट. ओला असेपर्यंत तो खराट्याने आणि पाण्याने निघतो. एकदा वाळला की फावड्याने खरवडावा लागतो. म्हणून पाणी उंबऱ्याखाली उतरताच घरातल्या बायका पदर खोचून उभ्या राहतात. नेमके तेव्हाच कुणीतरी दारातून सांगून जाते, ‘पंचनामा झाल्याशिवाय काही हलवू नका.’ घर धुतले तर नुकसानीचा पुरावा धुऊन जातो. न धुतले तर भिजलेल्या जोंधळ्याला मोड येतात, गाद्यांना वास सुटतो आणि पोरे तापाने फणफणतात. पुरानंतरच्या शासकीय साहाय्याचा विचार या उंबऱ्यापासून सुरू करायला हवा. झालेले नुकसान शासनाला मोजायचे असते आणि माणसाला उद्यापासून उभे राहायचे असते. ही दोन वेगळी कामे आहेत आणि आपली सगळी यंत्रणा पहिल्यासाठी बांधलेली आहे.

मदत किती मिळाली यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ती कुणाच्या नावावर, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हंगामाच्या आधी मिळाली यावर फार कमी. माझ्या मते कुटुंब सावरते की खचते हे मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नावर ठरते.

शब्द काय सांगतात

पुरानंतरच्या सरकारी पैशाला लोक सर्रास ‘भरपाई’ म्हणतात. शासन निर्णयात ‘मदत’ असते, ‘सानुग्रह अनुदान’ असते, पिकासाठी ‘निविष्ठा अनुदान’ असते. हे शब्द विचार करून योजलेले आहेत. भरपाई म्हणजे गेले तेवढे भरून देणे. सानुग्रह म्हणजे अनुग्रहाने, कृपा म्हणून दिलेले. निविष्ठा म्हणजे बी-बियाणे, खत, औषध. ते अनुदान शेत पुन्हा पेरता यावे म्हणून असते, बुडालेल्या पिकाच्या बाजारभावाशी त्याचा संबंध नसतो. एकाच रकमेकडे शेतकरी भरपाई म्हणून पाहतो आणि तिजोरी अनुग्रह म्हणून. दर पुरानंतर ‘तुटपुंजी मदत’ हा मथळा छापून येतो त्याचे मूळ या दोन अर्थांत आहे.

कायदा मात्र कृपेच्या पुढे गेलेला आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने आपद्‌ग्रस्तांसाठी मदतीचे किमान मानदंड ठरवायचे आहेत. निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार, स्वच्छता, विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूद, आणि मृत्यू, घराचे नुकसान व उपजीविका पुन्हा उभी करणे यांसाठी सानुग्रह साहाय्य, एवढे सगळे त्यात येते. ३० जून २०२१ रोजी कोविड मृत्यूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. रक्कम किती, हे ठरवणे प्राधिकरणाकडे सोडले. त्यामुळे मदत देणे हे आता कर्तव्य आहे. या कलमात ‘उपजीविका पुन्हा उभी करणे’ हे शब्द आहेत, ते इथे अधोरेखित करून ठेवतो. पुढचे बरेचसे विवेचन त्यांच्याभोवतीच फिरते.

गुंठ्याचा हिशेब

केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांनुसार ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पीक गेले असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये मिळतात. मर्यादा दोन हेक्टरांची. हेक्टर हा कागदावरचा शब्द. करवीर-शिरोळच्या माणसाची जमीन गुंठ्यांत बोलते. १७,००० रुपये हेक्टर म्हणजे गुंठ्याला साधारण १७० रुपये. वीस गुंठे ऊस बुडाला तर ३,४०० रुपये हाती येतील. बागायतीसाठी किमान २,००० रुपये देण्याची तरतूद आहे, म्हणून पाच-सात गुंठेवाल्याला तेवढे तरी मिळतात.

उसाचे नुकसान कसे होते हेही पाहायला हवे. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस बऱ्याचदा तगतो. शेंडा बुडून पोंग्यात गढूळ पाणी आणि गाळ बसला की पोंगा कुजतो आणि वाढ तिथेच थांबते. बाहेरून मात्र ऊस कित्येक दिवस हिरवा दिसतो. पंचनाम्याच्या दिवशी ‘उभे पीक’ म्हणून नोंदले गेलेले शेत महिन्याभरात पाचट होऊन बसते. जुलै-ऑगस्टमध्ये नुकतीच केलेली आडसाली लागण बुडाली तर त्या वर्षीचे बेणे आणि मशागत तर जातेच, शिवाय पुढच्या सोळा-अठरा महिन्यांचे उत्पन्नाचे गणित कोलमडते. एका तारखेला काढलेल्या पंचनाम्यात हे मावत नाही. त्यासाठी महिन्याभराने दुसरी पाहणी लागते आणि ती नियमाने बंधनकारक करायला हवी.

घराचेही तेच. केंद्राच्या निकषात पूर्ण किंवा बहुतांश पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आहेत आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००. या दोन आकड्यांच्या मधली सगळी पक्की घरे ६,५०० च्या खात्यात पडतात. पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती पाण्यात असेपर्यंत उभ्या असतात. पाणी उतरून ऊन लागले की पायाकडून भेगाळतात आणि एखाद्या रात्री बसतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या पुरानंतर या दरीत पायऱ्या बांधल्या, याचे श्रेय द्यायला हवे. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्म्या पडझडीला ५०,०००, पाव भागाला २५,००० आणि किमान १५ टक्के पडझडीला १५,००० रुपये अशी ती रचना होती. नुकसानीचे प्रमाण आणि रकमेचे प्रमाण यांचा मेळ बसवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. दुर्दैवाने अशा सुधारणा त्या त्या वर्षाच्या शासन निर्णयापुरत्या असतात. पुढच्या पुराला पुन्हा मोर्चे, पुन्हा मागण्या आणि पुन्हा ‘विशेष बाब’.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात सीनाकाठची माती वाहून गेली, तेव्हाही नवे पॅकेज आले: ७ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झालेले ३१,६२८ कोटी रुपयांचे. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामे, गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपये अशा तरतुदी त्यात होत्या. जमीन खरडून जाणे हे पीक जाण्यापेक्षा फार मोठे संकट आहे. पीक एका हंगामाचे असते. मातीचा थर गेला की खाली मुरूम उघडा पडतो आणि गाळ आणून टाकल्याशिवाय त्यावर कुसळही उगवत नाही. रोख रक्कम आणि जमीन दुरुस्तीचे काम यांची जोड घालण्याची कल्पना म्हणूनच योग्य होती. पण त्याच वर्षी खरिपाच्या पीकविम्यातून स्थानिक नैसर्गिक आपत्तीचा निकष काढून टाकण्यात आला होता आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आलेल्या मंडळाच्या सरासरी उत्पादनाशी बांधली गेली होती. नदीकाठचा पट्टा बुडाला आणि माळावरचे पीक तरले, तर सरासरीत नदीकाठ हरवतो. शासनाने एका हाताने पॅकेज दिले, पण शेतकऱ्याच्या हातातले वैयक्तिक संरक्षण त्याआधीच सुटले होते. हा निर्णय चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव कुणाचे?

सर्वांत मोठी गळती इथे होते. आपल्या मदतीचे एकक आहे खातेदार: सातबाऱ्यावरचे नाव, घरठाण उताऱ्यावरचे नाव, दुकानाच्या परवान्यावरचे नाव. शेत कसणारा आणि सातबाऱ्यावरचा माणूस एकच असतो, असे ही व्यवस्था गृहीत धरते.

प्रत्यक्षात नदीकाठची कितीतरी जमीन खंडाने, वाट्याने, अर्धेलीने, मराठवाड्यात बटईने केली जाते. हा व्यवहार तोंडी असतो. कूळकायद्याच्या धास्तीने मालक कसणाऱ्याचे नाव कागदावर येऊ देत नाही, म्हणून लेखी पुरावा कुठेच नसतो. बी कसणाऱ्याचे, खत कसणाऱ्याचे, उसनवारी कसणाऱ्याची. आणि बुडाल्यावरचे निविष्ठा अनुदान मालकाच्या खात्यात. काही मालक ते आपणहून देतात, गावात तेवढी माणुसकी असते. पण शासकीय साहाय्य मालकाच्या भलेपणावर अवलंबून असेल तर त्याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

मालकाचीही सुटका होत नाही. सामाईक खात्यात एक भाऊ गावात राबतो, दुसरा मुंबईला गिरणगावात गेलेल्या चुलत्याचा मुलगा, तिसरी बहीण सासरी. सगळ्यांचे संमतिपत्र आल्याशिवाय रक्कम अडकते. वडील वारून दहा वर्षे झाली तरी वारसनोंद नसेल तर यादीत मृत माणसाचे नाव येते. त्यानंतर आधार जोडणी, ई-केवायसी. महसुली यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन म्हातारी सेवाकेंद्रात जाते आणि आयुष्यभर खुरपे धरलेल्या तिच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. थेट खात्यात पैसे जमा करण्याने मधली गळती कमी झाली हे खरेच आहे. ती सोय मी मोडीत काढायला सांगत नाही. ठसा उमटला नाही तर तलाठी आणि दोन पंचांच्या ओळखीवर पैसे द्यावेत, एवढी पर्यायी वाट उघडी असली पाहिजे.

बाजारपेठेचा प्रश्न याहून बिकट. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी बाजारपेठेत घुसले आणि दुकानांत छातीभर गाळ आणि भिजलेला माल मागे टाकून गेले. व्यापारी माल हा केंद्राच्या निकषांत बसतच नाही. राज्याने त्या वेळी दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०,००० रुपये आणि टपरीधारकांना १०,००० रुपये देण्याचे ठरवले. निर्णय चांगला होता. अट मात्र अशी की दुकानदार स्थानिक रहिवासी असावा, त्याचे नाव तिथल्या मतदार यादीत असावे आणि त्याच्याकडे शिधापत्रिका असावी. शेजारच्या तालुक्यातून येऊन भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवणाऱ्याचा माल सारख्याच गाळात गेला होता. बाजारपेठ म्हणजे नुसते दुकानदार नव्हेत. नोकर, हमाल, मापाडी, रिक्षावाला आणि आठवडी बाजाराला भाजी आणणारी बाई, या सगळ्यांची चूल त्या रस्त्यावर पेटते. दुकान महिनाभर बंद राहिले की त्यांचा महिना जातो आणि त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

पैशाचे पंचांग

पैसा कुठून येतो हे थोडक्यात सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी सर्व राज्यांच्या आपत्ती निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातले ८० टक्के प्रतिसादासाठी, २० टक्के सौम्यीकरणासाठी. प्रतिसादाच्या ८० मध्ये पुन्हा तीन कप्पे: ४० तातडीच्या मदतीचे, ३० सावरण्याचे आणि पुनर्बांधणीचे, १० पूर्वतयारीचे. आपल्या आपत्ती-अर्थकारणात सावरण्यासाठी स्वतंत्र कप्पा पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे आला. पण तो कप्पा कसा उघडायचा याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये काढली. पाच वर्षांतली तीन वर्षे तोवर उलटून गेली होती. चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर हे सगळे २०२१ चे पूर त्या रिकाम्या काळात आले.

३ ऑगस्ट २०२१ रोजी राज्याने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात तातडीची मदत १,५०० कोटी, पुनर्बांधणी ३,००० कोटी आणि दीर्घकालीन उपाययोजना ७,००० कोटी. म्हणजे लोकांच्या हातात पडणारी तातडीची मदत एकूण आकड्याच्या जेमतेम १३ टक्के. उरलेल्या कामांनाही महत्त्व आहेच. पण पूरग्रस्त माणूस बातमीतला आकडा ऐकतो आणि आपल्या खात्यातला आकडा पाहतो, तेव्हा त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. पॅकेज जाहीर करताना थेट कुटुंबांना जाणारी रक्कम वेगळी सांगण्याचा प्रघात पाडला तर हा अविश्वास बराच कमी होईल.

आता कुटुंबाचे पंचांग पाहा. पहिले दहा दिवस रोख पैशाचे: घर साफ करणे, गॅसची शेगडी, अंथरूण, औषध. पहिला महिना वह्या-पुस्तकांचा आणि कामधंदा पुन्हा सुरू करण्याचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर रब्बीच्या पेरणीचा. तेव्हा बियाण्याला पैसे नसतील तर पुढचा मार्चही कोरडा जातो. उन्हाळा घर बांधण्याचा, कारण मृगाआधी छप्पर चढले नाही तर आणखी एक पावसाळा शाळेच्या वर्गात नाहीतर पाहुण्यांच्या पडवीत. शासनाचे पंचांग वेगळेच चालते: पंचनामा, याद्या, मागणी प्रस्ताव, केंद्रीय पथकाची पाहणी, मंजुरी, वितरण. पथक बांधावर पोहोचते तेव्हा चिखल वाळून तडकलेला असतो. मधल्या काळात घर चालते ते बचत गटाच्या कर्जावर, सावकाराच्या हातउसन्यावर किंवा दावणीची म्हैस विकून. म्हैस एकदा विकली की दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे बिल थांबते. नंतर आलेले अनुदान व्याजात जाते आणि दावण रिकामीच राहते. उशिरा आलेले १०,००० रुपये आणि वेळेवर आलेले १०,००० रुपये या दोन वेगळ्या रकमा आहेत.

यावर उपाय अवघड नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ आणि ४३. २०१९ साली आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सांगलीकराला विचारा, किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी येते हे तो तोंडपाठ सांगेल. पाटबंधारे खात्याकडे नकाशे आहेत, उपग्रहाची छायाचित्रे मिळतात. मग पहिल्या हप्त्यासाठी घरोघरच्या पंचनाम्याची गरज काय? पाणी अमुक फुटांवर गेले म्हणजे अमुक वस्ती बुडाली हे धरून त्या वस्तीतल्या प्रत्येक चुलीला, मालक असो वा भाडेकरू, ठरावीक रक्कम आठ दिवसांत द्यावी. २०१९ ला ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० रुपये देताना त्यातले ५,००० रोख हातात दिले होते. म्हणजे वाट माहीत आहे. पंचनामा दुसऱ्या हप्त्यासाठी, शांतपणे, चिखल काढून झाल्यावर. मग दारातून कुणाला ‘काही हलवू नका’ म्हणून सांगावे लागणार नाही. कपड्या-भांड्यांच्या मदतीसाठी केंद्राच्या निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त बुडालेले असण्याची अट आहे, तीही अशा रचनेत गळून पडावी. पाण्याने गाळ किती सोडला हा खरा प्रश्न आहे.

जागा बदलणे

‘सारखे पाणी येते तर हे लोक तिथे राहतात कशाला?’ हा प्रश्न दर पुरात शहरातून विचारला जातो. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावे त्याचे उत्तर आहेत. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला उंचावर जागा देण्यात आली. तरी २०१९ ला या गावांतून माणसे बोटींनी काढावी लागली. लोक हट्टी म्हणून असे झाले नाही. शेत खाली, गोठा खाली, पहाटेची धार खाली; आणि वर मिळालेल्या प्लॉटमध्ये माणसांचे घर बसते, जनावरांचे बसत नाही. एका पिढीची तीन कुटुंबे झाली, प्लॉट तेवढाच राहिला. पुनर्वसनाने माणसे हलवायचे ठरवले, त्यांच्या पोटापाण्याचा विचार त्यात नव्हता. गोठ्याची जागा, वैरणीची जागा आणि शेतापर्यंतचा बारमाही रस्ता यांच्याशिवाय नदीकाठच्या गावाचे पुनर्वसन होत नाही.

पुण्याने दुसरा धडा दिला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांसाठी वसाहती वसल्या, निवारा तुलनेने लवकर मिळाला. पण तिथल्या सोसायट्यांना जागेच्या मालकी हक्कासाठी अर्ध्या शतकाहून अधिक काळ झगडावे लागले. घर दिले आणि कागद राखून ठेवला. महाड तालुक्यातील तळीयेत २०२१ च्या दरडीनंतर कायमची घरे हाती येईपर्यंत लोकांचे पावसाळे कंटेनरच्या घरांत गेले.

चांगले उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये गावोगावच्या बायकांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमले. घरदुरुस्तीचे हप्ते, सिमेंट-लोखंडाचे नियम, तक्रार कुठे करायची हे त्या उंबऱ्यावर बसून समजावत. शासन आणि घर यांच्यामध्ये गावातलीच एक व्यक्ती उभी राहिली. ते मनुष्यबळ पुढच्या आपत्तींसाठी कायम का ठेवले नाही, याची खंत वाटते. पूररेषांचा वाद आज नदीकाठच्या शहरांत पेटलेला आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा नकाशावर उमटली की घराची दुरुस्ती अडते आणि लोक संतापतात. रेषा ओढणे आवश्यक आहे. पण रेषेच्या आतल्या माणसाला पर्याय न देता ओढलेली रेषा त्याला शिक्षेसारखी वाटते.

मोठे बदल मुंबई-दिल्लीत व्हायचे आहेत आणि त्यासाठी रेटा लावत राहावा लागेल. एक गोष्ट मात्र नदीकाठच्या प्रत्येक गावाला स्वतः करता येते. दर वर्षी १ मे रोजी ग्रामसभा होते. मृग त्यानंतर महिनाभराने. त्या सभेत गावाची यादी वाचा: कोणते शेत प्रत्यक्षात कोण कसतो, कोणत्या घरात भाडेकरू आहे, कुणाची वारसनोंद राहिली आहे, कोणाच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, दावणीला किती जनावरे आहेत. ती ठरावात लिहून घ्या, तलाठ्याची पोच घ्या आणि एक प्रत उंचावरच्या शाळेच्या कपाटात ठेवा.